फेब्रुवारीची चिठ्ठी

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमध्ये कुणाचं तोंडभरून कौतुक करायची पद्धत नाही. दर रविवारी सकाळी मुलुंडला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. भिंतीवर एकेक फोटो दाखवला जातो. ज्याचा फोटो असेल त्याने भिंतीशेजारी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्या फोटोची सालं काढायची. सुरुवात सर करतात. सर म्हणजे ग्रुप सुरू करणारे, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. त्यांच्या तोंडून नुसतं 'चालेल' निघालं तरी माणूस आठवडाभर तरंगत असतो. आमच्यात एक दातांची डॉक्टरीण आहे. तिच्या सूर्यास्ताला सर एकदा म्हणाले, "हा किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर शोभेल." ती बिचारी त्या दिवशी चहा न पिताच गेली आणि पुढच्या रविवारी नवा सूर्यास्त घेऊन आली.

मला मात्र सर म्हणायचे, "छान, ताई, छान. पुढचा दाखवा."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुळ्यासारखी खूश झाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरणीला धुतलं आणि मला छान म्हणाले. दुसऱ्या रविवारी 'छान', तिसऱ्या रविवारी 'छान'. महिना-दोन महिन्यांत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारणीच्या मुलाने पेटीवर कसंबसं वाजवून दाखवलं की आपण जसं 'छान हं' म्हणतो, तसलं हे 'छान' होतं. बाकीचे सगळे फोटोग्राफर होते. मी पोहे आणणारी ताई होते. ज्याच्या फोटोत काही दम आहे त्याच्यावरच लोक घसा खरवडतात. माझ्या फोटोवर कुणी वाक्यसुद्धा खर्च करत नव्हतं.

मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. परीक्षानळ्या धुणं, रसायनांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं आणि मुलांवर ओरडणं ही माझी कामं. गुडघ्यांनी दगा दिला तशी नोकरी लवकर सोडली. त्याच सुमारास भाचा परदेशी निघाला आणि जाताना त्याचा जुना कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेला. "मावशी, पडून राहिला तर बुरशी धरेल, वापर," एवढंच म्हणाला. मी वापरला. आधी कुंडीतली मिरची, मग गच्चीवरचे कावळे, मग नाहूर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या. नादच लागला. पन्नाशी उलटल्यावर लागलेला नाद वाईट, कारण घरचे त्याला विरंगुळा समजतात आणि आपण त्यापायी पातेलं करपवतो.

आमच्याकडे पक्ष्यांची लांबवरची लेन्स एकच आहे, आणि ती सगळ्यांची आहे. एकट्यादुकट्याला परवडेना म्हणून वर्गणी काढून घेतलेली. मग ती कुणाकडे किती दिवस, यावरून कुरबुरी सुरू झाल्या. तेव्हा मीच सुचवलं होतं, आमच्या बिल्डिंगमधल्या बायका भिशी लावतात तशी लेन्सची भिशी लावा. जानेवारीत चिठ्ठ्या उचलायच्या, ज्याला जो महिना आला तो महिना लेन्स त्याची. सगळ्यांना पटलं. महिनाअखेरच्या रविवारी लेन्स एका घरून दुसऱ्या घरी जाते तेव्हा डॉक्टरीण तिच्या बॅगेला हळदकुंकू लावते, वर एक पेढा ठेवते आणि म्हणते, "जपून पाठवा हो आमची पोर." थट्टाच असते, पण बॅग उचलताना प्रत्येकाचा हात जरा सावकाश चालतो.

या भिशीत सगळ्यांचा डोळा एकाच महिन्यावर. फेब्रुवारी. त्या दिवसांत आमच्या भांडुपच्या खाडीत फ्लेमिंगो भरलेले असतात. पुस्तकात त्यांना रोहित म्हणतात, पण आमच्याकडे रिक्षावालाही फ्लेमिंगोच म्हणतो. मार्चमध्ये ग्रुपचं वर्षाचं प्रदर्शन, म्हणजे फेब्रुवारीत काढलेला फोटो ताजाताजा भिंतीवर. मला पहिल्या वर्षी जुलै आला. धो धो पावसात मी लेन्स उशीसारखी कुशीत घेऊन बसले. दुसऱ्या वर्षी सप्टेंबर. तिसऱ्या वर्षी मे, आणि मेमध्ये त्या खाडीवर ऊन खायला मगरसुद्धा बसणार नाही. प्रदर्शनात तिन्ही वर्षं माझा फोटो नव्हता. सर म्हणायचे, "ताई, यंदा जागा कमी पडली." जागा नेमकी माझ्यापाशीच कशी कमी पडते ते मी कधी विचारलं नाही, पण आत धुमसत होते.

चौथ्या वर्षी मी चिठ्ठी उघडली आणि तिच्यावर फेब्रुवारी. मी ओरडले नाही. चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. आमच्यात घाटकोपरचा एक कॉम्प्युटरवाला आहे, तिशीचा, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "ताई, झकास. बारा महिन्यांतला हापूस तुला लागला." त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की यंदा असा फोटो काढायचा, ज्याला 'छान' म्हणून पुढे जाताच येणार नाही. मला शिव्या हव्या होत्या. चांगल्या, खणखणीत, बाकीच्यांना मिळतात तशा.

त्या वर्षीचा जानेवारी सरांना आला होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते बॅग घेऊन आले. डॉक्टरणीने कुंकू लावलं, पेढा ठेवला. सर काही बोलले नाहीत. एरवी लेन्स देताना ते दहा मिनिटांचं प्रवचन देतात, बोट लावू नका, फुंकर मारू नका, दमट कपाटात ठेवू नका. मला वाटलं बरं नसेल. मी बॅग उघडली, लेन्स हातात घेतली आणि सवयीने पुढची कडी फिरवली.

जात्यात खडा अडकावा तसा आवाज आला. कर्र. फोकसची कडी जागची हलेना. झूमची हलली, पण दात खात. मी हात काढला तर बोटांना पांढरी पूड. प्रयोगशाळेत आयुष्य गेलं माझं. चिमटीत चोळून बघितली आणि मला हसावं की रडावं कळेना.

"सर," मी म्हटलं, "ही बोरिक पावडर इथे कुठून आली?"

सर खुर्चीत बसले आणि सांगू लागले. ते कुठल्याशा घाटात पहाटे गेले होते. एसी गाडीतून लेन्स बाहेर काढली आणि धुक्यात तिच्या काचा आतून घामेजल्या. घाबरून तसेच घरी आले. त्यांच्या बायकोने सांगितलं, मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, ही पण ठेवा. आणि सरांनी, ज्यांनी आम्हाला लेन्सचे नियम तोंडपाठ करायला लावले त्या सरांनी, ती लेन्स तांदळाच्या डब्यात खुपसली. वर्षाचे तांदूळ. किडे लागू नयेत म्हणून बोरिक पावडर चोळून ठेवलेले.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. खरं तर कुणीही हेच केलं असतं. तांदळाचा डबा आमच्या घरात देवघरानंतरची जागा, तिथे ठेवलेली वस्तू बिघडते असं कुणाच्या मनातही येत नाही. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मात्र माझा पारा चढला होता.

"निदान तांदूळ धुऊन तरी घ्यायचे," मी म्हटलं.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात कॅमेरे दुरुस्त करणारा आहे. घाटकोपरच्या कॉम्प्युटरवाल्याने तिथल्या तिथे फोन लावला. तो म्हणाला, सगळी खोलावी लागेल, महिना तर जाईलच, वर किती ते सांगता येत नाही. म्हणजे माझा फेब्रुवारी गेला. सर उठून माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. दुरुस्तीचं मी बघतो. पुढच्या वर्षी चिठ्ठी न टाकता फेब्रुवारी तुमचा."

"सर, पुढच्या फेब्रुवारीत फ्लेमिंगो येतील," मी म्हटलं. "माझे गुडघे येतील का?"

मी बॅगेची चेन लावली. "दुरुस्तीला मार्चमध्ये पाठवा. माझी पाळी आहे, मी ही अशीच नेणार."

डॉक्टरीण म्हणाली, "अगं, पण फोकसच होत नाही तर काढणार काय?"

"ते माझं मी बघेन," असं म्हणून मी पेढा तोंडात टाकला आणि निघाले. जिना उतरताना माझं मलाच कळत होतं की हा शुद्ध हट्ट आहे. पण काही हट्ट माणसाने आयुष्यात एकदा करावेत.

घरी आल्यावर गॅलरीत उभी राहून मी लेन्स समोरच्या बिल्डिंगवर धरली. सगळं धूसर. खाली रस्त्यावर धरली, धूसर. गच्चीवरच्या टाकीवर धरली, तेही धूसर. मग फिरवता फिरवता एका जागी थांबले. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतली तुळस. तिच्या मंजिरीचा दाणा न् दाणा दिसत होता. तिच्यामागे वाळत घातलेले टॉवेल पुसट, पुढची ग्रिल पुसट, तुळस मात्र लख्ख. कडी अडकली होती, पण एका अंतरावर अडकली होती. तेवढ्या अंतरावर जे येईल ते ही लेन्स अजूनही चोख दाखवत होती.

मी खात्री करत होते तेवढ्यात त्या गॅलरीतली बाई बाहेर आली. हातभर लांब लेन्स आपल्या घराकडे रोखलेली बघून तिने फोनच केला. "काय गं, माझ्या घरात काय शोधतेस?"

मी तिला सगळी कथा सांगितली. तांदळाचं ऐकून ती इतकी हसली की तिचा आवाज फोनशिवायही ऐकू आला. मग म्हणाली, "थांब, मी हलून दाखवते." तिने तिची राणी रंगाची ओढणी काठीला बांधली आणि गॅलरीच्या कठड्यापासून आतल्या दारापर्यंत सावकाश चालत गेली, पुन्हा बाहेर आली. कठड्याशी ओढणी किंचित पुसट, तुळशीपाशी स्पष्ट, दाराशी पुन्हा पुसट. म्हणजे मला दोन-चार पावलांचा पट्टा मिळत होता. त्या पट्ट्यात फ्लेमिंगो उभा राहिला तर माझा. एक पाऊल इकडे किंवा तिकडे झालं तर गुलाबी धुकं. माझा नवरा आतून म्हणाला, "आता फ्लेमिंगोंना पत्ता कळवायचा राहिला."

तो चेष्टेत बोलला, पण प्रश्न खरा तोच होता. एरवी लोक पक्ष्यांमागे लेन्स फिरवतात. मला पक्षी माझ्या पट्ट्यात आणायचे होते, आणि ते काम फक्त पाणी करू शकत होतं. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा हे पक्षी पार आत पसरलेले असतात, डोकं उलटं घालून चिखल चाळत. भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत बांधाकडे आणतं. ते उडत नाहीत, जेवता जेवता सरकत येतात. म्हणजे सकाळचं ऊन कोवळं असताना भरती चढती हवी.

माझं माहेर मालवणकडचं. वडील होडी नव्हते चालवत, पोस्टात होते, पण किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचं गणित येतंच. ते मला शिकवायचे, "तिथीची पाऊणपट कर गो, भरतीचो वेळ गावता." अष्टमी असेल तर सहा वाजता, द्वादशी असेल तर नऊ. आमच्या खाडीत पाणी आतवर यायला जरा उशीर लागतो, तेवढा मिळवायचा. शिवाय पौर्णिमा-अमावास्या जवळ असली तर पाण्याला जोर. कॅलेंडर काढून बघितलं. मला हवी होती त्रयोदशी, म्हणजे पावणेदहाच्या पुढे पूर्ण भरती आणि त्याआधी कोवळ्या उन्हात चढतं पाणी. महिन्यात अशा दोनच, एक शुद्ध आणि एक वद्य. बाकीचे दिवस मी बांधावर हिंडत होते. चिखलात जाळी बांधायला पूर्वी कुणी रोवलेला एक खुंट मला सापडला, आणि बांधावर पुढेमागे सरकत मी ती जागा शोधली जिथून तो खुंट लेन्समधून तुळशीसारखा लख्ख दिसतो. तिथे दोन विटा ठेवून आले.

पहिल्या त्रयोदशीला माझं नशीब बघायला अख्खा ग्रुप आला. मीच मूर्खासारखं ग्रुपवर लिहिलं होतं. डॉक्टरीण थर्मास घेऊन, घाटकोपरचा कॉम्प्युटरवाला भडक पिवळा टीशर्ट घालून. सर तेवढे आले नव्हते. पाणी चढायला लागलं. पक्षी सरकायला लागले. मी विटांवर स्टूल ठेवून बसले होते, डोळा लावून, आणि दर पाच मिनिटांनी मागून कुणीतरी विचारत होतं, "आले का?" पक्षी खुंटापासून चांगल्या वीसेक हातांवर आले असतील, तेवढ्यात घाटकोपरच्याने वेफर्सचं पाकीट फाडलं. फटकन आवाज झाला. आधी बगळे उडाले, त्यांच्या मागून ढोकरी, आणि मग ती सगळी गुलाबी रांग माना लांब करून उठली आणि ऐरोलीच्या पुलाकडे निघून गेली.

"सॉरी ताई," तो म्हणाला, "वाट लावली यार मी तुझी."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. खाडीवरच्या कुत्र्यांनीसुद्धा कान पाडले. घरी येऊन मी जेवले नाही. अर्धा फेब्रुवारी गेला होता आणि माझ्याकडे एका खुंटाचे उत्तम फोटो होते.

दुसऱ्या त्रयोदशीला मी कुणालाही काही कळवलं नाही. उजाडता उजाडता रिक्षाने बांधावर पोचले तर तिथे आधीच कुणीतरी बसलेलं. सर. घडीच्या दोन खुर्च्या, एक त्यांची आणि एक माझ्यासाठी, पाठ टेकायची सोय असलेली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्ही मागच्या वेळी त्रयोदशी लिहिलं होतं. पुढची त्रयोदशी मला काढता येते," ते म्हणाले. "मी बोलणार नाही. परत जा म्हणालात तर जातो."

जा म्हणायचं माझ्या जिभेवर होतं, पण ती खुर्ची गुडघ्यांना फार बरी वाटली. आम्ही बसलो. पाणी अजून लांब होतं. चिखलावरून कांजूरच्या कचराडेपोचा वास येत होता, आणि आम्हा दोघांच्याही नाकाला तो जाणवेनासा झाला इतकं आम्ही बसलो. शेवटी मीच बोलले. इतकी वर्षं साठलेलं बाहेर पडायला तशी शांतताच लागते.

"सर, सगळ्यांच्या फोटोंची तुम्ही चिरफाड करता. माझ्या फोटोला नुसतं छान का म्हणता?"

"खरं सांगू? मला वाटायचं तुम्ही विरंगुळा म्हणून येता. विरंगुळ्याला कशाला नावं ठेवायची? शिवाय तुम्ही पोहे आणता."

"पोहे मला येतात म्हणून आणते. फोटो येत नाहीत म्हणून तुमच्याकडे येते."

मला वाईट वाटलं आणि रागही आला, आणि तेवढ्यात समोर पाण्याची चकाकी दिसली, म्हणून दोन्ही बाजूला ठेवलं.

भरती येते ती लाट म्हणून येत नाही. चिखलातल्या चिरांमधून आधी ओल येते, मग चिरा भरतात, मग कुठूनशी एक चांदीची पट्टी आडवी पसरते. पक्षी तिच्यापुढे चालत होते. डोकं चिखलात, पाय तालात, जरा थांबायचे, पुन्हा दोन पावलं. मी लेन्समधून बघत होते तेव्हा ते सगळे गुलाबी ठिपके होते. हळूहळू ठिपक्यांना माना आल्या. मग पाय आले. मग चोचीचं काळं टोक. मी श्वास धरला होता. शेजारी सरांनीही धरला असावा, कारण एरवी त्यांची शिट्टीसारखी वाजणारी दम्याची घरघर थांबली होती. पहिला पक्षी खुंटापाशी आला आणि त्याच्या पंखावरची एकेक रेघ उघडली. मी बटण दाबलं. दुसरा आला. तिसरा. मग अख्खी रांग त्या दोन-चार पावलांच्या पट्ट्यात शिरली, एका ओळीत, जशी काही कुणी दोरी धरून उभी केली. मागचे पक्षी धुक्यात, पुढचं पाणी धुक्यात, आणि मध्ये ही एक ओळ, डोळ्यांच्या पिवळ्या कडासुद्धा मोजून घ्याव्यात अशी. खुंटाशेजारच्या पक्ष्याने डोकं वर काढलं. चोचीतून चिखलाचं पाणी गळत होतं. तो थेट माझ्याकडे बघत असताना मी पुन्हा बटण दाबलं, आणि मला तिथेच कळलं की हा आला.

मग पाणी आणखी चढलं, ते पट्ट्याच्या अलीकडे आले, पुसट झाले, आणि उडाले. मी कॅमेरा मांडीवर ठेवला. मला इतका आनंद झाला होता की मी सरांच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात कधी कुठल्या मास्तरांच्या पाठीवर थाप मारली नव्हती.

सर म्हणाले, "आत्ता दाखवू नका. रविवारी भिंतीवर बघतो."

तो प्रदर्शनासाठी निवडीचा रविवार होता. त्या दिवशी मी पोहे केले नाहीत. माझी पाळी आली. मी भिंतीशेजारी जाऊन उभी राहिले आणि माझा फोटो भिंतभर पसरला. सर चष्मा पुसून भिंतीच्या अगदी जवळ आले. माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे. आता हे 'छान' म्हणाले तर मी लेन्स तिथेच त्यांच्या पायाशी ठेवून घरी जाणार होते, हे नक्की.

"क्षितिज कललंय," सर म्हणाले.

मी मान तिरकी करून भिंतीकडे बघितलं.

"उजवीकडच्या पक्ष्याचा पाय कापलाय. केसभर उजवीकडे घेतलं असतं तर बसला असता. खालचा चिखल जास्त झालाय. आणि हे," त्यांनी बोट खुंटाच्या बुडाशी नेलं, "हे काय आहे?"

"चप्पल," मी म्हटलं. निळी, रबरी, एका पायाची. चिखलात अर्धी रुतलेली. मी ती तेव्हा बघितलीही नव्हती, घरी आल्यावर दिसली.

"ती काढून टाका. कॉम्प्युटरवर पुसता येते."

"नाही काढणार."

"ताई, नजर त्या चपलेवर जाते. एवढा पक्षी तुमच्याकडे बघतोय आणि माणूस चप्पल बघतो. चूक आहे ही."

"चप्पल तिथे होती, सर. तो तिच्याशेजारी जेवत होता. आपल्या खाडीत फ्लेमिंगो असेच जेवतात. पुसली तर हा भांडुपचा राहणार नाही, कुठल्याही तळ्यातला होईल."

"फोटो म्हणजे पंचनामा नव्हे."

"आणि कॅलेंडरही नव्हे."

डॉक्टरीण खुर्चीतून पुढे सरकली. "मला सरांचं पटतं. खालून कापा, चप्पल आपोआप जाईल."

घाटकोपरचा उभाच राहिला. "काय कापा? अरे, ती चप्पल आहे म्हणून तर हा फोटो आहे ना. नाहीतर फ्लेमिंगो कोण काढत नाही?"

"तू गप्प रे, वेफर्सवाल्या," डॉक्टरीण म्हणाली.

मग जे सुरू झालं ते आवरेना. कुणी म्हणे चिखल ठेवा पण चप्पल काढा, कुणी म्हणे दोन्ही ठेवा, पाय कापला ते अक्षम्य. सरांनी खडू घेऊन बाजूच्या फळ्यावर चौकट काढून दाखवली, मी त्यांच्या हातातून खडू घेऊन ती खोडली आणि माझी काढली. इतकी वर्षं मी त्या भिंतीशेजारी अर्धा मिनिट उभी राहत होते. त्या दिवशी माझ्यामागून ज्यांची पाळी होती ते सगळे खोळंबले, चहा निवला, वाचनालयाची बाई दोनदा वर येऊन किल्ल्या वाजवून गेली. माझा घसा बसला होता आणि मी सुखात होते. असं सुख मला माझ्या लग्नातही झालं नसेल, आणि हे मी नवऱ्याला सांगितलं आहे.

शेवटी हात वर करायला सांगितले. प्रदर्शनात घ्यायचा की नाही. सगळे हात वर. दाराजवळच्या पहिल्या जागी लावायचा का, पुन्हा सगळे. सरांचा हात सगळ्यात आधी वर होता. फक्त चपलेचा निकाल लागला नाही. तो फोटो काढणाऱ्यावर सोडावा असं ठरलं, आणि फोटो काढणारी मी होते.

जिना उतरताना सर माझ्या मागे होते. एकेक पायरी उतरत, दम घेत, त्यांचं तेच चालू होतं. क्षितिज सरळ करून आणा, ते खरंच कललं आहे. चिखलाचं एक वेळ मान्य. पण त्या चपलेचं मी ऐकणार नाही, प्रदर्शनात लावलीत तरी मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की ही चूक आहे. खाली पोचल्यावर त्यांनी उन्हासाठी आणलेल्या छत्रीच्या टोकाने फरशीवर पुन्हा चौकट काढायला सुरुवात केली.

"पुढच्या रविवारी दोन्ही करून आणा, चपलेसकट आणि चपलेशिवाय," ते म्हणाले. "मी तुम्हाला एवढ्यावर सोडणार नाही."

"सोडू नका, सर," मी म्हटलं, आणि आम्ही फाटकापाशी उभे राहून पुन्हा भांडायला लागलो.